दाराबाहेरचा बाक

दि. ४ मार्च

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तुम्ही सगळे मजेत आहात असं धरून चालतो. तसं नसतं तर तू एव्हाना फोन केला असतास. इकडेही ठीक. तुझ्या वहिनीचे गुडघे कुरकुरतात, पण ती त्यांना उलट बोलते, त्यामुळे घरात मोठ्या माणसासारखं वागणारे ते गुडघेच. वर्कशॉप जोरात आहे. कालच एक पाण्याची मोटर आली, तिघांनी उघडून बंद केली, मी लांबून म्हटलं, मागचं बेअरिंग. मिस्त्री म्हणाला, "मालक, तुमचे कान एकदा कापून भिंतीला लावले पाहिजेत, तुम्ही नसलात की उपयोगी पडतील." मी म्हटलं, मी नसेन तेव्हा लाव, आत्ता मला चष्मा अडकवायला लागतात.

समारंभाचं निमंत्रण मिळालं. इतका जाड कागद की मिस्त्रीने हात पुसून मग धरला. सोबतची पुस्तिकाही वाचली. तुझा फोटो चांगला आलाय, फक्त एवढा गंभीर का बसलायस ते कळलं नाही. न्यायाधीश आले म्हणून लोक तुला पाहून उठून उभे राहतात म्हणे आता. मला मात्र तू अजून शाळेच्या चड्डीला नाडी बांधून मागणाराच दिसतोस.

तू लिहितोस, मी स्टेजवर येऊन दोन शब्द बोलावेत. नवी पद्धत सगळ्या कोर्टांना लागू होणार, आणि तिचा फायदा झालेला एक साधा पक्षकार म्हणून मी. आता हे खरंच आहे. वर्कशॉपच्या आवाजावरून शेजाऱ्याने माझ्यावर केलेला दावा तुझ्या नव्या नियमामुळे तिसऱ्या तारखेला संपला. वेळ दिली तेव्हाच बोलावलं, म्हणणं ऐकून घेतलं, निकाल दिला. मी भिंतीला जाड पत्रा मारला, शेजारी माझ्याकडून पंप दुरुस्त करून नेतो. जुन्या पद्धतीत आम्ही दोघं म्हातारे होऊन एकमेकांच्या मुलांना तारखा वारशाने दिल्या असत्या.

आणि नावं ओरडणं बंद केलंस, ते मी कधी विसरणार नाही. आपण दोघं कोर्टाच्या त्या जिन्यावर बसलो होतो, आठवतं? तो पुकारेवाला बाहेर आला आणि आपल्या बाबांचं नाव असं काही ओढून ओरडला की पानाच्या गादीवरची माणसंही वळून पाहायला लागली. बाबा उठले ते वाकूनच. त्यांनी काहीच केलं नव्हतं, घरमालकाने त्यांच्यावर केस केली होती एवढंच. तू माझा हात धरून म्हणालास, मी मोठा झालो की असं कुणाला ओरडू देणार नाही. मोठा झालास आणि तेच केलंस. असं किती जणांना जमतं?

मागच्या आठवड्यात मी तिथे जाऊन आलो. कसल्या कामाला, ते पुन्हा कधीतरी. कॉरिडॉर ओळखू येत नाही. गोंगाट नाही, धक्काबुक्की नाही. दारावर पडदा, त्यावर नंबर बदलतो, बदलला की 'टिंग' होतं. सगळे कसे हळू बोलतात, दवाखान्यात बोलल्यासारखे. एक गोष्ट माझ्या कानाला लागली, सांगून ठेवतो. टिंग सगळ्यांना सारखंच आहे. कुणाचाही नंबर येवो, तेच टिंग.

मधली, तुझी ताई, सध्या आमच्याकडे राहायला आली आहे. तिच्या घरी रंगकाम निघालंय. तिचं शिलाई मशीन आमच्या पुढच्या खोलीत खिडकीखाली ठेवलंय, उजेड चांगला येतो. शाळेच्या गणवेशांचं काम घेतलंय, दिवसभर काजं-बटणं करत असते. तुला आशीर्वाद सांगितलेत.

भाषणाचं मला थोडा वेळ दे. स्टेजवर माझं पोट बिघडतं, तुला माहीत आहे.

तुझा,
दादा

*

दि. १५ मार्च

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. चार ओळींचं. न्यायाधीशाने लिहिल्यासारखं. ताईला पाठवलेलं निमंत्रण 'दाराला कुलूप' असा शेरा घेऊन तुझ्याकडे परत आलं आणि रंगकाम चालू असलेल्या घराला दिवसाढवळ्या कुलूप कसं, असं तू विचारतोस.

रंगकाम नाही. कुलूपही तिचं नाही.

आता सगळं सांगतो. पण आधी एक ऐक. हे पत्र मी आज लिहितोय आणि टाकणार मात्र सुनावणी झाल्यावर. कसली सुनावणी ते पुढे येईलच. तोवर तू चिडशील. खुशाल चीड. फोन आला तर तुझ्या वहिनीला उचलायला सांगितलंय आणि तिला गुडघ्यांविषयी बोलायला सांगितलंय.

मधलीचा तो जुना दावा तुला माहीत आहे. नवरा गेल्यावर दिराने सांगितलं, घर माझ्या नावावर आहे, भावाला नुसतं राहायला दिलं होतं. तिने दावा लावला, कोर्टाने निकाल लागेपर्यंत तिला बाहेर काढायचं नाही अशी मनाई दिली, आणि ती त्या मनाईच्या आधारावर इतकी वर्षं दोन खोल्यांत शिवत बसली. तुझ्याकडे तिने एकदाही विषय काढला नाही. तूही विचारलं नाहीस. दोघांचंही बरोबर होतं.

नव्या पद्धतीत तिचा दावा वर आला. तिला आनंदच झाला. तारखेला साडी इस्त्री करून गेली, वेळेआधी गेली, दाराला लागून जो बाक आहे त्यावर बसली. सोबत गणवेशाचं काम, कारण रिकाम्या हातांनी बसणं हा तिला गुन्हा वाटतो. आता आपल्या घराची सवय तुला माहीत आहे. आईला दिसत नव्हतं, त्यामुळे आपण सगळे कानांनी मोठे झालो. आपल्याला हाक आली की कळतं. डोळे कामावर आणि कान दाराकडे, अशी ती इतक्या वर्षांच्या तारखांना बसत आली. त्या दिवशीही तशीच बसली. नंबराचा कागद पिशवीत होता. तिला वाटलं, नंबर नोंदीसाठी असतो. बोलावतील तेव्हा नावानेच बोलावतील.

टिंग झालं. टिंग तर केव्हापासून होतच होतं. तिला वाटलं लिफ्ट आहे.

तिचे वकील वरच्या मजल्यावर दुसऱ्या केसमध्ये उभे होते. आधी कोर्ट थांबायचं, आता थांबत नाही. तेही बरोबर, वकिलांसाठी थांबून थांबूनच तर सगळं सडलं होतं. आत प्रतिवादीचे वकील म्हणाले, वादी गैरहजर. पडदा पुढे सरकला. दावा काढून टाकला. दाव्याबरोबर मनाई गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दिराने कुलूप लावलं. मशीन आणि कपडे तेवढे दारात काढून ठेवले होते, मशीनवर धूळ नको म्हणून प्लॅस्टिकही घातलं होतं. माणूस तसा काळजीवाहू.

ती बाहेरच बसली होती रे. दारापासून हाताच्या अंतरावर.

तुला कळवायचं म्हटलं तर तिने माझ्यासमोर कात्री आपटली. म्हणाली, "दादा, त्याला सांगितलंस तर तो दोनपैकी एक करील. फोन उचलील, नाहीतर उचलणार नाही. उचलला तर तो न्यायाधीश राहणार नाही. नाही उचलला तर माझा भाऊ राहणार नाही. मला दोन्ही नकोत. घर गेलं तर जाऊ दे."

म्हणून हे पत्र सुनावणीनंतर. दावा पुन्हा चालवायला घ्यावा असा अर्ज केलाय, पुढच्या आठवड्यात ऐकतील. वकील म्हणतात कठीण आहे. ती हजर होती याला पुरावा काय? नोंदीत गैरहजर लिहिलंय आणि नोंदीच्या वर तिचा शब्द कोण धरणार?

आता ती गोष्ट, जिच्यामुळे मला झोप नाही. काल तुझी वहिनी तिला म्हणाली, अगं, निळ्या दोऱ्याची रीळ एवढ्यात कशी संपली, अजून दहा शर्ट राहिलेत. मधली सहज बोलून गेली, "थोडा त्या दिवशी भावजींच्या बटणाला गेला."

माझे कान तुला माहीत आहेत. मी बाहेरच्या खोलीतून आत आलो. कुठले भावजी? कुठलं बटण?

तर त्या दिवशी तिचा दीर आला, केसला. तिच्यासमोरूनच आत जायचं होतं. पांढरा शर्ट, बाहीचं बटण लोंबत होतं. म्हणाला, "काय वहिनी, इथेही टाके?" ती म्हणाली, "तुमचं बटण पडेल आत. द्या इकडे हात." सुईत निळा दोरा होता, तोच वापरला. दाताने तोडला. तो आत गेला. आणि आत त्याचे वकील म्हणाले, वादी गैरहजर.

मी ओरडलो. शेजाऱ्याने परत दावा लावला असता इतका ओरडलो. म्हटलं, हा पुरावा नाही तर काय आहे? पांढऱ्या बाहीवर निळा दोरा! हे कोर्टात सांग! तर ती शांतपणे सुईत दुसरा दोरा ओवत म्हणाली, "बटण वहिनी म्हणून लावलं. ते साक्षीला उभं करायला लावलं नव्हतं."

आणि वकिलांना सांगायलाही मला बंदी. शपथ घातलीय. तू कायदा शिकलास, सांग, या बाईचं काय करायचं?

तुझी पुस्तिका काल पुन्हा उघडली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात, वर्षभरात निकाली निघालेल्या दाव्यांचा आकडा. मला वाचून अभिमान वाटला होता, तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवला होता. मी कोर्टाच्या खिडकीवर विचारलं, गैरहजेरीत काढून टाकलेलेही यातच धरता का? कारकून म्हणाला, "हो, निकालीच की ते. त्यानेच तर आकडा चांगला आलाय."

धाकट्या, त्या आकड्यात आपली मधली आहे.

दादा

*

दि. २३ मार्च

प्रिय धाकट्या,

सुनावणी झाली. आता दोन्ही पत्रं एका पाकिटात टाकतोय. आधी पंधरा तारखेचं वाच, मग हे.

मी तिच्याबरोबर गेलो. त्याच बाकावर बसलो. तिने सवयीने शर्ट काढला, मी म्हटलं, आज शिवायचं नाही, आज पडदा बघायचा. म्हणाली, "तू बघ ना मग. दोघांनी कशाला बघायचं?" मी नंबरावर नजर लावून बसलो. डोळ्यांत पाणी यायला लागलं, एवढा तो पडदा चकाकतो. वर उन्हाची तिरीप आली की अर्धा नंबर दिसतच नाही.

आमच्या शेजारी एक गवंडी बसला होता, हाताला सिमेंट लागलेला. मी त्याला नंबर विचारला. त्याने कागद दाखवला. त्याचा नंबर होऊन गेला होता. मी त्याला ढकललंच आत. तो दारात अडखळला, आतून कुणीतरी म्हणालं, "आता अर्ज द्या, पुकारून झालं." पुकारून! त्या शब्दाला मी हसलो, पण ते हसण्यासारखं नव्हतं. बाहेर येऊन तो पुन्हा बाकावर बसला आणि मला म्हणाला, "मी इथेच होतो ना हो? तुम्ही पाहिलंत ना?" मी पाहिलं होतं. पण मी कोण?

मग आपला नंबर आला.

न्यायाधीश बाई तरुण आहेत, त्या दिवशी सर्दीने बेजार होत्या, रुमाल हातात. आपल्या वकिलांनी अर्ज वाचला. समोरचे वकील म्हणाले, नोंद स्पष्ट आहे, गैरहजर म्हणजे गैरहजर, आता प्रत्येक जण बाहेर होतो म्हणायला लागला तर नवी पद्धत चालायची कशी? खरं सांगतो, मुद्दा बिनतोड होता. मीच त्या खुर्चीत असतो तर मान डोलावली असती.

बाईंनी मधलीला विचारलं, "तुम्ही बाहेर होता याला कुणी साक्षीदार?"

मधली उभी होती. मी तिच्या मागे. तिचा दीर पलीकडे, त्याच पांढऱ्या शर्टात. त्याच्याकडे कोर्टात घालण्यासारखा तेवढाच असावा. उजव्या बाहीवर निळी फुली होती, मला मागूनही दिसत होती. त्याचा अंगठा त्या फुलीवर होता.

मधली म्हणाली, "नाही."

मला वाटलं, संपलं. माझी जीभ वळवळत होती, पण शपथ. वकील पुढचा कागद उलटत होते.

आणि मग बाईंनी रुमाल खाली ठेवला आणि प्रतिवादीकडे पाहिलं. म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी हजर होता. आत येताना यांना बाहेर पाहिलं होतं का?"

त्याचे वकील ताडकन उठले. "याची गरज नाही, नोंद…"

"नोंद मी वाचलीय. मी यांना विचारतेय."

बाहेर टिंग झालं, दुसऱ्या कुठल्या तरी दाराचं. त्याने तोंड उघडलं, मिटलं. इतकी वर्षं मी या माणसाला मनात शिव्या घालत आलोय, पण त्या वेळी त्याच्या घशाचा आवाज मला ऐकू आला. बेअरिंग अडकल्यावर मोटर फिरायच्या आधी जशी गुरगुरते ना, तसा.

"होत्या," तो म्हणाला.

"कुठे?"

"बाकावर. दाराशीच."

"नक्की? इतकं कसं लक्षात राहिलं?"

त्याने हात थोडा वर केला, शाळेत करतात तसा. "बटण लावून दिलं त्यांनी माझं."

मागे कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मग वादी गैरहजर आहेत असं तुमचे वकील म्हणाले, तेव्हा तुम्ही का नाही सांगितलं?"

आणि धाकट्या, हे नीट वाच. तो काही बेरकीपणाने बोलला नाही. खरंच गोंधळलेला होता. तो म्हणाला, "मला कुणी विचारलंच नाही."

दावा पुन्हा चालवायला घेतला आहे. मनाईचं पुढच्या तारखेला बघतील. म्हणजे केस परत आली, घर नाही. कुलूप अजून आहे. बाहेर आल्यावर तिचा दीर आमच्यापासून लांबून चालला होता, मग थांबला, मान खाली घालून म्हणाला, "वहिनी, कुलूप मी काढत नाही. कोर्ट म्हणेल तेव्हा."

"नका काढू," मधली म्हणाली. "पण तो दोरा बदलून घ्या. पांढऱ्यावर निळा फार दिसतो."

घरी आल्यावर तुझ्या वहिनीने चहा पुढे ठेवला तर रडली. जिंकून आलेल्या माणसासारखी नाही.

आता तू मला विचारशील, मग बिघडलं काय? झालं ना नीट? झालं. न्यायाधीश बाईंना सर्दीतही एक प्रश्न सुचला म्हणून झालं. समोरचा माणूस घर खाणारा असला तरी खोटं बोलताना अडखळणारा होता म्हणून झालं. तो प्रश्न तुझ्या नियमात कुठे आहे ते मी पुस्तिकेत शोधलं. नाही. त्या गवंड्याला कोण विचारणार? त्याच्या समोरच्या पक्षाच्या शर्टाची बटणं शाबूत असतील तर?

मी तो जुना पुकारेवाला परत आण म्हणत नाही. तो देवमाणूस नव्हता. चहापाणी केलं नाही तर नाव पुटपुटून टाकायचा, हे मीही पाहिलंय. तो बाबांचं नाव ओरडला ते माझ्या कानातून अजून गेलेलं नाही. पण तो दारात उभा राहायचा ना, तेव्हा नुसता ओरडत नव्हता. बघतही होता. बाकावर कोण आहे, कोण पेंगतंय, कोण कावरंबावरं झालंय. तू त्याचा आवाज काढून घेतलास, फार चांगलं केलंस. त्याच्याबरोबर त्याचे डोळेही गेले, ते तुझ्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही आलं. आपण दोघं त्या जिन्यावर फक्त कानांनी बसलो होतो.

ओरडू नकोस कुणाला. पण गैरहजर लिहिण्याआधी कुणीतरी उठून दार उघडावं आणि बाहेर पाहावं. एवढंच. याला पडदा लागत नाही. पुढच्या पुस्तिकेतला आकडा थोडा लहान येईल, येऊ दे.

मधलीच्या केसमध्ये काही करायचं नाही. करायला गेलास तर तिच्याआधी मी तुझ्याशी बोलणं सोडीन. हे पत्र हवं तर तुझ्या समितीच्या टेबलावर ठेव, नातं लपवू नकोस.

समारंभाला येतो. इस्त्रीचा शर्ट घालून येतो, बटणं मधलीने तपासली आहेत. पण माझी खुर्ची स्टेजवर ठेवू नकोस, दोन शब्दही मला जमणार नाहीत. तू बोलशील तेव्हा लोक टाळ्या वाजवतील, मीही वाजवीन, मनापासून. फक्त मला दाराशी बसू दे. बाहेर कुणी राहिलंय का, तेवढं बघतो.

तुझा, दाराशी बसलेला,
दादा